दादाने मला म्युझियमला सोडलं

जर्मनीला जायचं ठरवलं ते फिरायला नाही. बाबांना काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाच, डाव्याने अंधुक तेवढं कळतं. गेलेली नजर परत येत नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आमच्या गावी, नेरला परतताना बसमध्ये बाबा म्हणाले, "मधूले एकडाव येऊन जाय म्हना. थोडं दिसते तोवर."

मधू म्हणजे माझा मोठा भाऊ. तिकडे इंजिनिअर आहे, तिथलीच बायको केली. आई गेल्यापासून घरी आलेला नाही. फोनवर "बघतो" म्हणायचा. शेवटी मीच निघाले. नेरला माझा टायपिंगचा क्लास आहे. परीक्षा आटोपल्या की कुलूप लावता येतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. व्हिसासाठी दादाचं निमंत्रणपत्र लागलं, बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं. खारोड्या, तिळाची चटणी खुशाल न्या. तूप, खवा नेऊ नका, दुधाचं काही तिथे चालत नाही. विमानतळावरून पुढचं रेल्वेचं तिकीट आधीच काढून ठेवा, ऐनवेळी फार महाग पडतं.

गावाचं नाव लिहीत नाही, भाऊ राहतो तिथे. नदी, तिच्यावर दगडी पूल, उतरत्या लाल कौलांची घरं. फोटोत दिसतं तसंच आहे, खोटं कशाला सांगू! दादाने स्टेशनवर मला जवळ घेतलं तेव्हा रडू आलं. क्लारावहिनीने मराठीत "ये, ये" म्हटलं. दोन दिवस मजेत गेले. फक्त बाबांचा विषय काढला की दादा म्हणे, "शनिवारी निवांत बोलू."

शनिवारी सकाळी तो मला शहराच्या इतिहासाचं म्युझियम दाखवायला घेऊन गेला. दारात तिकीट काढून माझ्या हातात दिलं.

"तू नाही येऊन राह्यला?"

"मी पाहिलंय गं. संध्याकाळी न्यायला येतो. बघ आरामात."

जुन्या धान्यकोठाराचं म्युझियम केलंय. बॅग लॉकरमध्ये ठेवावी लागते, त्यासाठी एक युरोचं नाणं जवळ असू द्या, ते परत मिळतं. इंग्रजी माहितीचा हेडफोन मागून घ्या. सोमवारी बंद. खालच्या मजल्यावर वेशीच्या हातभर लांब किल्ल्या, वजनात कमी पाव विकणाऱ्या बेकरीवाल्याला नदीत बुचकळायचा पिंजरा. वरच्या मजल्यावर युद्ध. बॉम्बहल्ल्यात जवळपास सगळं गाव जळालं होतं. मी सकाळपासून ज्या गल्ल्यांना 'किती जुन्या' म्हणत होते, त्या लोकांनी विटा गोळा करून पुन्हा बांधलेल्या होत्या.

तिथेच गावाचा एक टेबलाएवढा पितळी नमुना आहे, हात लावायची परवानगी असलेला. एक आंधळे आजोबा आणि त्यांचा पन्नाशीचा मुलगा उभे होते. मुलगा त्यांचं बोट धरून एकेका छपरावर ठेवत होता आणि हळू आवाजात काही सांगत होता. आजोबा मध्येच हसले, त्याचा हात बाजूला करून स्वतःच पूल चाचपू लागले. मी हेडफोन काढला. मग पुढचं काही धड पाहिलंच नाही. अंगणातल्या बाकावर, थंडीत, बॅगेतली पोळी-चटणी खाल्ली आणि बसून राहिले.

न्यायला दादा नाही, क्लारावहिनी आली. गाडीत इंग्रजीत म्हणाली, "तू असतीस तर बरं झालं असतं. सगळे तुझी विचारपूस करत होते."

"सगळे कोण?"

"मधूच्या ऑफिसचे. आज जेवायला होते ना. तू माणसांत लाजतेस, तुला यायचं नाही, असं मधू म्हणाला."

मी रोज तीस पोरांसमोर ओरडते. मी लाजते!

घरी दादा भांडी पुसत होता. मी विचारलं, "दादा, मले काहून नाही सांगितलं?"

"अगं, सगळे जर्मनमध्ये बोलतात. तू अवघडली असतीस."

"मी अवघडली असती का तू?"

मग मी शनिवारवर ढकललेला बाबांचा विषय काढला. म्हणाला, "यंदा जमणार नाही. आणि दर रविवारी मी व्हिडिओ कॉल करतोच की."

"बाबाले दिसत नाही, दादा. ते आवाजाकडे तोंड करून बसतात, बस."

त्याने ताट पुसलं, कपाटात ठेवलं. वहिनी विचारत होती, काय झालं? त्याने तिला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं, आणि ती माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसली. काय सांगितलं देव जाणे. उरलेले दिवस मी पूल, चर्च, बाजार सगळं एकटीने पाहिलं. बाजारातली उकडलेली मक्याची कणसं चांगली असतात.

परतल्यावर बाबांनी आधी म्युझियमचंच विचारलं. जळालेलं गाव लोकांनी परत बांधलं हे त्यांना फार आवडलं. दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "येनार नाही ना?"

"नाही."

"बरं."

कोणी विचारलं, जावं का? तर जा. म्युझियम खरंच बघण्यासारखं आहे. पण नातेवाइकांकडे उतरू नका, भाड्याची खोली घ्या.

रविवारी दादाचा कॉल आला. मी मोबाईल घेऊन उठले तर बाबांनी हात हलवला. "सांग, झोपले म्हना."

मी सांगितलं. दादा म्हणाला, "झोपू दे, झोपू दे," आणि तिकडच्या थंडीचं बोलू लागला. बाबा समोरच खुर्चीत ताठ बसून ऐकत होते.