काकूंचं नाल्याकाठचं रान

काकू कधीच आवाज चढवायच्या नाहीत. गावाच्या पाणी समितीच्या त्या अध्यक्ष. बैठकीत माणसं एकमेकांवर ओरडायला लागली की पदर सावरून गप्प बसायच्या. सगळे दमले की म्हणायच्या, "झालं का? मग आता पाण्याचं बोलू."

जळकोट तालुक्यातल्या त्या गावाचा पाणी आराखडा करायला माझ्या संस्थेनं मला लातूरहून पाठवलं होतं. काकूंनी बायकांना घेऊन शाळेच्या पटांगणात रांगोळीनं अख्खं गाव काढलं. नाला, विहिरी, गायरान, सगळं. त्याभोवती उभं राहून गावानं ठरवलं, नाल्याकाठी नवं बोअर नाही, ऊस नाही. थोड्याच दिवसांत काकूंच्या सख्ख्या दिरानंच बोअरची गाडी आणली. काकू गाडीपुढं जाऊन बसल्या. "भाऊजी, आधी मला उचला," एवढंच बोलल्या. गाडी परत गेली. दीर त्यांच्या घरी यायचे बंद झाले. मी विषय काढला तर म्हणाल्या, "विहिरीला पाणी हाय ना? बास."

आमचा सगळा आराखडा टंचाईचा होता. आणि सोयाबीन काढणीला आलेलं असताना आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. नाला गावात शिरला. काकूंचं नाल्याकाठचं रान मातीसकट वाहून गेलं, खाली नुसता मुरूम राहिला. म्हैस दावणीलाच बुडाली. मी पोचलो तेव्हा त्या बांधावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मी शेजारी जाऊन बसलो. म्हणाल्या, "सर, पाणी कमी पडंल एवढंच आपण धरलं. जास्तीचं धरलंच न्हाई."

पुढच्या बैठकीत नाला रुंद करायचं ठरलं. जागा कुणाची, म्हटल्यावर सगळे खाली बघत बसले. भांडणसुद्धा झालं नाही.

"माझ्या रानातून जाऊ द्या," काकू म्हणाल्या.

दीर इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "वैनी, माती टाकता येती. रान येईल परत."

"येईल. पण नाला बी येईल," म्हणत काकूंनी संमतीची सही केली.

दिवाळीनंतर त्या मुलाकडं पुण्याला राहायला निघाल्या. अहमदपूरच्या स्टँडवर मी सोडायला गेलो, तर दीर त्यांची पिशवी घेऊन आले होते. एसटी लागली, काकू चढल्या, एसटी गेली. आम्ही दोघांनी चहा घेतला. चव कसली ती लागली नाही.

यंदा पुन्हा तसाच पाऊस झाला. नाला काकूंच्या रानात पसरला आणि तिथंच थांबला. मी तिथूनच काकूंना फोन लावला.

"कुणाच्या घरात शिरलं न्हाई ना?"

"नाही काकू. कुणाच्याच नाही."

"आन् रान? दिसतंय का?"

"नाही. सगळं पाणीच आहे."

"बरं," त्या म्हणाल्या.