बांधावरच्या मोहाची साल

वाटणीत जमीन कापता आली; बांधावरचं मोहाचं झाड दोघा भावांत सामाईक राहिलं. त्याची फुलं वेचून, वाळवून बेल्याच्या बाजारात विकली, तिथून माझा धंदा सुरू झाला. पुढे कापसाचे व्यापारी माझ्याशी घासाघीस करताना दमायचे. पण मूळ त्या झाडात होतं.

मोहाच्या सालीची सुटलेली खपली उचलली की आत तिळाएवढे तपकिरी जीव दिसत. पुढे विंचवासारखे दोन चिमटे, मागे ना शेपूट ना डंख. बोट जवळ नेलं की उलटे सरकत. कधी एखादा माशीच्या पायाला लटकून दुसऱ्या झाडावर जाई. त्यांना छद्मविंचू म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

नव्वद सालच्या आसपास, फुलं गळायच्या आधी, माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, धाकट्या मुलीला त्या झाडाखाली विंचू चावला. ती रात्रभर तळमळली. सकाळी दादाने साल उचकटली आणि ही विंचवाची पिल्लं आहेत, असं ठरवून टाकलं.

मी एक जीव तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरला. "दादा, विंचवाची पिल्लं मायच्या पाठीवर राह्यतात, अन् त्यायले शेपटी असते. हे चावून राह्यलं काय मले?"

"पोरगी माही हाय," तो म्हणाला. "तू आता विंचवाचाबी भाव करून राह्यला काय?"

जमलेले हसले. झाड पेटवायला दादाने काडीपेटी काढली. मी ती हिसकायला गेलो, तर त्यांनीच मला धरून बाजूला नेलं.

मोहाखालचा पाला दरवर्षी जाळतात, फुलं स्वच्छ जागेवर पडावीत म्हणून. पण आधी बुंध्याजवळचा पाला लांब ओढून घ्यायचा, ही रीत. दादाने उलट बुंध्यालाच कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचून पेटवल्या. साल बराच वेळ तडतडत होती.

पुढच्या वर्षी एका बाजूला पालवी फुटली नाही. मग झाड उभ्याने वाळलं. विंचू बांधाच्या दगडांखाली होते, तिथेच राहिले.

त्या आगीनंतर आम्ही बोललो नाही. त्याच्या बाजूला सावली उरली नाही, म्हणून काही वर्षांनी तो दुपारचा माझ्या शेतातल्या कडुनिंबाला पाठ टेकून बसू लागला. विचारलं नाही, मीही हटकलं नाही.

एकदा तो उठून गेल्यावर मी त्या निंबाची खपली उचलली. आत तेच चिमटे. दादाला दाखवलं असतं तर तो तिथे पुन्हा बसला नसता; कदाचित त्याने इथेही पऱ्हाट्या रचल्या असत्या. मी खपली जागच्या जागी दाबली. माझं हे एकच झाड उरलं होतं.