सोलापूर पोच

कुणी पार्टची किंमत विचारली की अप्पा आधी चष्मा कपाळावर सरकवायचे, रिकाम्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडायचे आणि कानामागची पेन्सिल काढून म्हणायचे, "नोड्री, किंमत नगा विचारू. सोलापूर पोच किती, ते विचारा." नोड्री म्हणजे बघा. घरी कानडी, दुकानात मराठी, आणि रागावले तर दोन्ही.

जुन्या पुणे नाक्याजवळ त्यांचं गाड्यांच्या पार्टचं दुकान होतं. ज्या परदेशी कंपन्या आपल्याकडे गाड्या विकून पुढे गाशा गुंडाळून गेल्या, त्यांचे पार्ट बाहेरून मागवून द्यावेत तर अप्पांनीच. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. एका डॉक्टरांकडून अशीच एक गाडी स्वस्तात घेऊन बसलो होतो, त्यामुळे दुकानातल्या लाकडी बाकावर माझी जागा पक्की होती. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तुमच्याही गावात असे एक अप्पा असतीलच.

पुठ्ठ्यावर ते एकाखाली एक लिहायचे. वस्तू, भाडं, विमा. मग या तिन्हींच्या बेरजेवर कस्टम, त्या सगळ्यावर जीएसटी आणि शेवटी एजंटाचा खर्च. एकदा बार्शीचे एक तरुण मास्तर मोबाइल पुढे करून म्हणाले, "हितं चार हजाराला दिसतंय आणि तुमी नऊ सांगताय."

"बरोबर हाय की. चार हजाराला ते तितं हाय. तुमाला हितं पायजे न्हवं?"

"पण भाड्यावर कशाला कस्टम?"

"ते मला बी आवडत न्हाई, सर. पण हाय."

मास्तर हसले आणि स्वतःच मागवतो म्हणून गेले. महिन्याने कुरिअरवाल्याचा कागद घेऊन परत आले. सगळं मिळून नऊच्याही वर गेलं होतं. अप्पांनी कागद शांतपणे वाचला आणि चहा सांगितला. 'मी सांगितलं होतं' एवढं एक वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. माझ्या मात्र ते अगदी ओठांवर आलं होतं.

पुढे माझ्याच गाडीचा स्टिअरिंगचा पंप गेला. पुठ्ठ्यावरचा शेवटचा आकडा बघून माझं तोंड उतरलं. अप्पांची एकुलती एक लेक दुबईला असते. ती बाळाला घेऊन पहिल्यांदाच दिवाळीला येणार होती आणि दुकानात तेव्हा दुसरा विषय नव्हता. नातवासाठी आणलेला पाळणा त्यांनी आधी दुकानात आणून सगळ्यांना दाखवला होता.

मी म्हणालो, "अप्पा, ताई येतीच आहे की. बॅगेत टाकून आणेल."

"तसं नगं. धंद्याचा माल हाय. कस्टम भरूनच आणायचा."

"एका पंपानं सरकार बुडतंय व्हय?"

चार दिवस मी रोज हेच बोलत राहिलो, निम्मं थट्टेत आणि निम्मं खरं. चौथ्या दिवशी ते कंटाळून म्हणाले, "सांगतो पोरीला. पण बिल घिऊनच आणंल ती."

दिवाळीनंतर पंप मिळाला. ठरले तेवढे पैसे मी दिले, गाडी सुरू झाली. नातू कसा आहे विचारलं तर अप्पा म्हणाले, "गेली ती. सुट्टी कमी हुती." आणि लगेच कपाट आवरायला लागले.

त्यानंतर ती आली नाही. दोन दिवाळ्या तशाच गेल्या. "पोरगं लहान हाय अजून," असं ते सांगायचे. तिचा फोन यायचा तोही आईला. बाप-लेकीचं काहीतरी बिनसलंय हे मला कळत होतं, पण विचारायचं कसं? एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, माझा भाचा दुबईहून येतोय, त्याच्या बॅगेत टाकू. अप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. "त्याच्या बॅगंत त्याचं सामान यिऊ द्या," ते म्हणाले. मीही बाकावरून शहाण्यासारखी मान डोलावली.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा अचानक गेले. आठवड्याभराने मी दुकानात गेलो, तेव्हा लेक एकटीच आवराआवर करत होती. लिहिलेल्या पुठ्ठ्यांची एक चळत तिच्या मांडीवर होती.

"ह्या दुकानापायी मी अडीच वर्षं आले नाही, काका," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. विमानतळावर तिची बॅग उघडली. अप्पांनी बजावल्याप्रमाणे पंपाचं बिल अगदी वर ठेवलेलं होतं, तेही सोलापूरच्या दुकानाच्या नावाचं. अधिकाऱ्यांनी ते वाचलं आणि हा विक्रीचा माल आहे म्हणून तिला बाजूला बसवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बिल नसतं तर ती सुटलीही असती, पण बिलाशिवाय वस्तू अप्पांनी जन्मात घेतली नव्हती. कडेवर सात महिन्यांचं पोर घेऊन ती चार तास तिथे बसली. कस्टम भरलं, वर दंड भरला. सोलापूरची गाडी चुकली आणि लक्ष्मीपूजन एसटी स्टँडवर गेलं.

"घरी आल्या आल्या मी त्यांना म्हटलं, तुम्हाला लेक नको होती, हमाल पाहिजे होता. ते एवढंच म्हणाले, चुकलं बाळ, मला लोभ सुटला."

मला गप्प बसता आलं असतं. अप्पांनी माझी तशी सोयच करून ठेवली होती. दंडाचा एक रुपया माझ्याकडून घेतला नव्हता, की माझं नाव कधी काढलं नव्हतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"ताई, अप्पांना लोभ नव्हता," मी म्हणालो. "तो पंप माझ्या गाडीचा. ते नको म्हणत होते. मी चार दिवस त्यांचा पिच्छा पुरवला."

"मग मला सांगितलं का नाही त्यांनी?"

पुठ्ठे बाजूला ठेवून ती दारापर्यंत गेली. रस्त्यापलीकडे माझी गाडी उभी होती.

"हीच का ती?"

"हो."

"चालतीय नीट?"

"चालते," मी म्हणालो.