बोल्ट साहेबांनी आवळले

माझी आत्या चिडली की आवाज चढवत नाही. डूख धरते.

बाबा कारखान्यात फिटर होते. त्यांनी मोटर आणि पंप जोडला, आणि पूर्ण वेगाकडे नेताना पहिल्याच दिवशी शाफ्ट मोडला. बाबांची दोन बोटं गेली. चौकशीत जोडणीचा हिशेब करणाऱ्या साहेबांनी सांगून टाकलं, "फिटरने बोल्ट सैल ठेवले." चोर सोडून संन्याशाला फाशी! नोकरीही गेली. पण बाबांना आयुष्यभर सलला तो ‘सैल’ हा शब्द.

आत्या तेव्हा कॉलेजात होती. तिने हट्टाने यंत्रांच्या कंपनांचंच शिक्षण घेतलं. आता ती कॉम्प्युटरवर यंत्रं एकमेकांना जोडते आणि कुठल्या वेगाला ती किती थरथरतील याचा आलेख काढते. नोकरी लागताच तिने त्या जुन्या जोडीचा आलेख काढला होता. मोटर एकटी शांत, पंप एकटा शांत. दोघांचे शाफ्ट जोडणारं मधलं रबरी कपलिंग मात्र साहेबांनी हिशेबात लोखंडाचा ठोकळा धरलं होतं. त्याला स्प्रिंगसारखं धरलं, की पूर्ण वेगाच्या जरा अलीकडे आलेखात थरथरीचा सुळका उभा राहायचा.

"जावा आपापल्या घरी गोडच असतात, दादा," ती बाबांना म्हणाली. "एका ओट्यावर आणून बघ."

आलेख तिने बाबांशिवाय कुणाला दाखवला नाही. अपघातानंतर भीतीपोटी कारखाना पंप निम्म्याच वेगात चालवत होता. अखेर वेग वाढवायची गरज पडली आणि तपासणीला नेमकी आत्याच आली. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे साहेबांना पत्ताच नाही.

तिने कपलिंगभोवती जाड जाळी बसवून घेतली आणि साहेबांच्या हातात पाना दिला. "बोल्ट तुम्हीच आवळा. नंतर फिटरवर यायला नको."

कामगार हसले. साहेबांनी घाम गाळत बोल्ट आवळले. मग आत्याने दाराबाहेर थांबलेल्या बाबांना आत बोलावलं. साहेबांचा चेहरा उतरला.

तिने वेग सुळक्याच्या पायथ्यापर्यंत नेला आणि तिथेच ठेवला. पंपाभोवतीचा कठडा थडथडायला लागला. साहेबांचा चष्मा नाकावरून घसरला.

"बंद करा!"

"का? बोल्ट सैल राहिले?"

"नाही हो, घट्ट आहेत!"

"मग तेव्हा?"

"तेव्हाही घट्टच होते! फिटरची चूक नव्हती!"

आत्याचा हात बटणावर होता. तिने बाबांकडे बघितलं.

बाबांनी तीन बोटांचा हात कानामागे धरला.

"ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "परत विचार."