पाठीमागे पडलेलं आजारपण

सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या एका हॉस्पिटलात आम्ही तिघी मराठी नर्सेस एकाच क्वार्टरमध्ये राहायचो. मी नाशिकची, माझी रूममेट मुरूडकडची आणि पलीकडच्या खोलीत सोलापूरच्या ताई, आम्हा दोघींना सीनियर. तिघींनाही पुढे जर्मनीला जायचं होतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन जर्मनचा क्लास. शब्द पाठ व्हावेत म्हणून ताईंनी तिकडे गेलेल्या एका मैत्रिणीकडून पत्ते मागवले. जुन्या काळचे, भविष्य सांगायचे. प्रत्येकावर एक चित्र आणि खाली जर्मनमध्ये नाव: घर, प्रवास, तुरुंग, खोटा माणूस.

सुरुवातीला खरंच शब्दच पाठ केले. मग ताईंनी कुठून कुठून अर्थ गोळा केले. विचारणारीच्या जागी एक बाईचा पत्ता धरायचा; त्या बाईचं तोंड जिकडे, तिकडचं सगळं पुढे घडणार. पाठीमागचं होऊन गेलेलं. प्रेतयात्रेचा पत्ता निघाला तर घाबरायचं नाही, फक्त काहीतरी संपणार. या देशात असले धंदे पकडले गेले तर नोकरी, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, सगळंच जायचं, म्हणून दाराला आतून कडी. मला तेव्हा हे सगळं हास्यास्पद वाटायचं.

एका दुपारी अंघोळ करून आल्यावर रूममेटनं माझा हात धरून आपल्या काखेजवळ नेला. स्तनाच्या कडेला गाठ होती. टणक, जागची न हलणारी.

"उद्या सोनोग्राफी," मी म्हटलं.

"इकामा रिन्यू व्हायचाय गं. रिपोर्ट वाईट आला तर खलास, घरी पाठवतील. आधी ताईंना विचारते."

"ताई सर्जन आहेत?"

तिनं ऐकलं नाही. शुक्रवारी जेवणं झाल्यावर ताईंनी सतरंजीवर पत्ते मांडले. बाईच्या पाठीमागे जो पत्ता आला त्याच्याखाली लिहिलं होतं, छोटं आजारपण.

"बघ," ताई म्हणाल्या, "छोटं, आणि तेही मागे पडलंय. पुढे काम आणि प्रवास. उगीच जीव घाबरा करून घेऊ नकोस."

रूममेटचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना.

"ताई, त्या गाठीला हात तरी लावून बघितलात का?"

"चिडतेस काय? वाईट असतं तर मी सांगितलं नसतं का?"

हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. या बाईंची निम्मी नोकरी सर्जिकल वॉर्डात गेली होती. अशा गाठी घेऊन उशिरा आलेल्या बायकांची ड्रेसिंग्ज त्यांनी आणि मी मिळून केली होती. त्या बायकांच्या घरच्यांना ताई कडक शब्दांत झापायच्या.

रमजान गेला, ईद गेली. मी बोलत राहिले, रूममेट विषय बदलत राहिली. शेवटी गाठीवरची कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली. तेव्हा मी तिला ड्यूटीवरून उठवलं आणि दंडाला धरून रेडिओलॉजीत नेलं. कॅन्सर निघाला, काखेपर्यंत पोचलेला. इजिप्शियन सर्जनबाईंनी तिला विचारलं, "तू नर्स आहेस ना? इतके दिवस काय करत होतीस?" उत्तर मला माहीत होतं, पण ते तिथे उच्चारायचीही सोय नव्हती.

त्या संध्याकाळी मी ताईंना स्वयंपाकघरात गाठलं. त्या वांगी परतत होत्या.

"लांबच्या रस्त्याचा पत्ताही आला होता त्यात," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल असा त्याचा अर्थ."

"तेव्हा नव्हतं सांगितलंत हे."

"अर्थ आजूबाजूचे पत्ते बघून लावायचा असतो."

"आणि पेशंट? तिच्याकडे बघायचं नसतं? जर्मनीतल्या वॉर्डातही हेच सांगणार आहात?"

माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या केरळी मुली दारात आल्या. ताईंनी गॅस बंद केला आणि त्या खोलीत निघून गेल्या. त्यानंतर आम्ही फक्त ड्यूटी बदलताना बोललो, पेशंटबद्दल लागेल तेवढंच.

रूममेट घरी परतली. मुंबईत ऑपरेशन झालं, केमो झाली. ती वाचली. आता गावाजवळच्या एका दवाखान्यात इंजेक्शनं देते. एक हात सुजतो, पेशंट उचलता येत नाही, म्हणून जर्मनीचं नाव तिनं सोडलं. ताई मात्र गेल्या. बर्फात उभ्या असलेल्या त्यांच्या फोटोला सगळ्यात आधी बदाम टाकला तो रूममेटनंच. तो बघून मी तिला ताबडतोब फोन लावला.

"तुला राग कसा येत नाही गं?"

"त्यांनी मायेनंच सांगितलं होतं. आणि मला तरी दुसरं काय ऐकायचं होतं?"

"ते त्यांना दिसत नव्हतं? दिसत होतं म्हणूनच तसं सांगितलं ना?"

ती म्हणाली, "तू राग धर. मी नाही म्हणत नाही. माझ्याच्यानं आता होत नाही."

मी धरलाय.