न ढवळलेला कोपरा

खरं सांगायचं तर बाईंना मी फारसा ओळखत नव्हतो. विद्यापीठाच्या गणित विभागातल्या खोल्या उघडायच्या, फळे पुसायचे आणि शेवटी कुलपं लावायची, हे माझं काम. पावणेदोन वर्षं त्या आमच्या चार नंबरच्या खोलीत येऊन बसत, एवढीच आमची ओळख. पुढचं काही त्यांनी सांगितलेलं आहे, काही त्यांच्या मुलीनं, आणि मधल्या जागा मी माझ्या मनानं भरल्या आहेत. लिहायची सवय नाही. चुकलं तर माझं चुकलं असं समजावं.

बाई शहराच्या तरणतलावावर पाणी राखायच्या. भल्या सकाळी दार उघडायचं, लांब दांड्याच्या जाळीनं पानं काढायची, काचेच्या नळीत पाणी घेऊन दोन थेंब औषध टाकायचं आणि कोणता रंग चढतो ते बघायचं. मग पंप सुरू. त्या आधीची दहा मिनिटं त्यांना फार आवडत. पाणी तेव्हा झोपलेलं असे. छताच्या काचांमधून उजेड हळूहळू उतरे, तळाच्या फरशांवर पसरे, आणि बाई काठावर पाय सोडून बसत. आपण बसलोय की तरंगतोय, हेच कळेनासं होई.

वर्षातून एकदा तलाव लोकांना बंद ठेवून, पंप चालू असताना त्या पाण्यात जांभळा रंग सोडत. त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या राखणदारानं ही रीत शिकवली होती. रंग पाण्याबरोबर कुठे जातो ते काठावरून बघायचं. आधी एक ढग फुटे, मग त्याच्या शेपट्या लांबत जात, आणि बघता बघता अख्खा तलाव संध्याकाळच्या आभाळासारखा होई. पण खोल बाजूच्या शिडीमागचा एक कोपरा मात्र तसाच स्वच्छ राही. अर्धा तास झाला तरी रंग तिथे जायचं नाव घेत नसे. "बघून ठेव," म्हातारा म्हणाला होता, "जिथे रंग जात नाही तिथे जंतू मारायचं औषधही जात नाही." बाईंनी ते सव्वीस वर्षं बघून ठेवलं होतं.

तरुणपणी त्या आमच्याच विद्यापीठात शिकत होत्या. शेवटच्या वर्षाचा एक पेपर तेवढा राहिला, डिफरन्शियल इक्वेशन्सचा. त्याच आठवड्यात मुलगी जन्मली. बाईंनी त्याचं कधी काही मनात धरलं नाही, पण घरात एक आत्या होती आणि आत्याला तोंड होतं. "हिच्या पायी तुझ्या आईची पदवी गेली हो," असं ती लाडानं म्हणे आणि मुलीच्या गालाला हात लावी. मुलगी मोठी झाली, इंजिनिअर झाली, पण कुणी आईच्या शिक्षणाचा विषय काढला की अजून उठून आत जाई. बाईंना ते दिसत होतं. जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेला पेपर द्यायची एक शेवटची संधी आहे, अशी सूचना निघाली, तेव्हा त्यांनी नाव घातलं ते त्यासाठी. पदवी घेऊन तलावावर त्यांना काय करायचं होतं?

पहिल्या दिवशी पुढच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मावशी, कुणाचा डबा द्यायचाय का?"

"डबा नाही रे बाबा, हजेरी द्यायचीय," बाई म्हणाल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

शिकवणारे सर बाईंच्या मुलीएवढे असतील. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "एखादी गोष्ट किती आहे ते ठाऊक नसलं तरी चालेल. ती कशी बदलतेय ते कळलं, की पुढचं सगळं सापडतं." बाईंचं पेन थांबलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. तास संपला, मुलं गेली, मी डस्टर घेऊन आत आलो, तरी त्या तिथेच.

"भाऊ, पुसू नका एवढ्यात."

"समजलं का काही, बाई?"

"अहो, हे तर मी रोज करते. नुसतं लिहून ठेवलं नव्हतं." मग त्यांनी मला फळ्याजवळ उभं करून चहा कसा निवतो ते सांगितलं. जितका गरम तितका भराभर निवतो, आणि कोमट झाला की रेंगाळतो. मला आकडे कळले नाहीत. रेंगाळणं मात्र कळलं.

घरी मुलगी शिकवायला बसे. स्वयंपाकघरातलं टेबल, एका बाजूला भाजी चिरायची, दुसऱ्या बाजूला वही.

"आई, स्थिरांक विसरलीस परत!"

"विसरले नाही, मनात धरलाय."

"मनातल्याला मार्क नसतात. लिही."

"तुझे सर एवढे ओरडत नव्हते गं."

"माझ्या सरांना तू नव्हतीस ना विद्यार्थिनी!"

अशी हसतखेळत परीक्षा आली. पहिलाच प्रश्न टाकीचा. शंभर लिटर पाणी, त्यात पाच किलो मीठ विरघळलेलं. मिनिटाला पाच लिटर गोडं पाणी आत येतं, तेवढंच खारं बाहेर जातं. पाणी सतत सारखं ढवळलेलं आहे. मीठ निम्मं व्हायला किती वेळ लागेल? चौदा मिनिटांच्या आसपास उत्तर येतं. वर्गातल्या कुणीही चार ओळींत सोडवावं असं गणित.

बाईंनी दोन ओळी लिहिल्या. मग त्यांना टाकी दिसायला लागली. आत येणारं पाणी दिसलं, मिठाच्या लांबत जाणाऱ्या शेपट्या दिसल्या, आणि मागे एका कोपऱ्यात अडकून बसलेलं मीठ दिसलं. बाहेरच्या झाडांची सावली बाकांवर हलत होती. बाईंनी लिहिलेलं खोडलं. मोठ्या टाकीचं एक समीकरण मांडलं, कोपऱ्याचं वेगळं, आणि दोन्ही एकमेकांत गुंतवली. असलं वर्गात अजून कुणी शिकवलं नव्हतं. त्या सोडवत राहिल्या. घंटा झाली तेव्हा पाच पानं भरली होती, उत्तर चौदाच्या पुढे गेलं होतं, आणि दोन प्रश्नांना हातही लागला नव्हता.

तीन गुण कमी पडले.

सरांनी त्यांना खोलीत बोलावलं तेव्हा मी खडूचे खोके लावत होतो, म्हणून कानावर आलं.

"ताई, तुमचं गणित बरोबर आहे. पण ते मी विचारलेलं नाही. तुम्ही एक अर्ज करा, की प्रश्न वाचताना चूक झाली. मग फेरतपासणीत मला काहीतरी करता येईल. इथे सही."

बाईंनी अर्ज वाचला. पेन उचललं.

"पण मी वाचला होता, सर. नीट वाचला होता."

"मग असं का लिहिलंत?"

"तुम्ही म्हणता, सारखं ढवळलेलं आहे. कोण ढवळतंय?"

सर हसले. "गृहीत धरायचं असतं हो."

"तुम्हाला धरता येतं. मी त्या कोपऱ्यासमोर सव्वीस वर्षं बसलेय." त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही होणार माझ्याच्यानं ही सही. मुलीला काय सांगू, खोटं लिहून सुटले म्हणून?"

घरी गेल्या आणि मुलीला सगळं सांगितलं, अर्जासकट. मुलगी आधी चिडली. "शेवटची संधी होती आई! एक सही करायची होती!" मग ती पाच पानं कशी लिहिली ते विचारू लागली. बाईंनी भाजीच्या टेबलावर सगळं पुन्हा मांडून दाखवलं. मुलगी वाकून बघत राहिली. आणि एकदम तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे या वेळचा पेपर माझ्यामुळे नाही राहिला! हा तुझा तूच घालवलास!"

"माझा मीच," बाई म्हणाल्या. "आत्याला फोन करून सांग."

आणि मुलीनं खरंच फोन लावला.

पुढच्या वर्षी बाई पुन्हा आल्या. नाव नाही, हजेरी नाही, नुसत्या शेवटच्या बाकावर. सर "टाकी ढवळलेली आहे असं गृहीत धरू" म्हणाले की आधी मागे बघत, आणि सगळा वर्ग हसे. बाई मोठ्या मनानं मान हलवून परवानगी देत.

मग एका सोमवारी त्या आल्या नाहीत. आठवड्यानं मुलगी आली. त्याच सोमवारी सकाळी पंप सुरू करायच्या आधी, काठावर बसल्या बसल्याच गेल्या, म्हणाली. मी तिला खुर्ची दिली.

आमचं शेवटचं बोलणं झालं ते आदल्या शुक्रवारी, जिन्यापाशी. मी कुलूप लावत होतो.

"भाऊ, सोमवारी तास किती वाजता?"

"दहालाच. पण खोली बदललीय. वरच्या मजल्यावर."

"अरे देवा. म्हणजे जिना चढायचा."

"सावकाश या. सर कुठे वेळेवर येतात?"

"तेही खरंच," त्या म्हणाल्या. "बरं, येते."