अर्जावर माझंच नाव

आम्ही झाशी सोडली त्या सकाळी फलाटावर पंधरा-सोळा माणसं पोचवायला आली होती. माझ्या यजमानांचे, म्हणजे अविनाशचे, चुलते भाऊकाका काठी टेकत आले. अविनाशच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आजकाल पैसे टाकले की कॅनडासुद्धा मिळतं." लोक हसले. मीही हसले. गाडी हलली, हात हलले आणि उत्तर माझ्या तोंडातच राहिलं. काका, ते उत्तर आज लिहिते आहे. इथे आल्यावर ज्या मैत्रिणी मला "तुमचं काय बाई, तुम्ही गुंतवणूकवाले" असं म्हणतात, त्यांनीही ते वाचावं.

गुंतवणुकीच्या व्हिसाला पैसे लागले, नाही म्हणत नाही. झाशीच्या सीपरी बाजारातलं दुकान त्यासाठीच विकलं. पण कॅनडात धंदा उभा करून दाखवीन, हे अधिकाऱ्यासमोर बसून पटवावं लागतं. माझा धंदा ताडपत्रीचा. झाशीजवळ बिजौलीच्या शेडमध्ये सहा मशिनं. ट्रकवर घालायची कव्हरं शिवायची, बबीन्याच्या लष्करी छावणीतल्या कुटुंबांना बदलीच्या वेळी सामान झाकायला लागतं तेही शिवायचं. वीस वर्षं कापड मी कापलं. आणि वीस वर्षं दुकानात शिरलेलं प्रत्येक नवं गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायचं, "भाईसाहब नहीं हैं?" भाईसाहेब बँकेत असायचे. कॅनव्हास कुठलं आणि रेक्झिन कुठलं, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

दिल्लीच्या व्हिसा-सल्लागारानेही तेच विचारलं, फक्त एसी लावून. माझे कागद चाळले आणि अविनाशकडे वळून म्हणाला, "सर, अर्ज़ी आपके नाम से करते हैं. मॅडम की इंग्लिश... और पढ़ाई भी बारहवीं तक."

अविनाश म्हणाले, "मुझे सिलाई नहीं आती, जी."

एवढंच. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. याहून गोड वाक्य ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

मग सल्लागाराने इंग्रजी प्रश्नोत्तरांचा गठ्ठा दिला. सगळं पाठ करायचं. 'मी' म्हणायचं नाही, 'आमची कंपनी' म्हणायचं. बारावीचा विषय निघाला तर अनुभवावर बोलायचं. का जाताय, तर विस्तारासाठी. माझे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, भुसावळहून बदलून आलेले. लहानपणी मी केलेल्या गोष्टीबद्दल कुणी काही विचारलं की मी त्यांच्या पाठीमागे जायची. ते मला पुढे ओढत. "वसू, केलंस ना तू? मग तूच सांग. माझ्या मागे काय लपतेस?" तो गठ्ठा वाचताना वाटलं, मी पुन्हा कुणाच्या तरी पाठीमागे लपते आहे. तरी पाठ केलं. भीती होतीच.

सराव शेडमध्येच चाले, दुपारच्या चहाला मशिनं थांबली की. कुसुम जिज्जी, माझी सगळ्यात जुनी कारागीर, अधिकारी व्हायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, म्हणून बुंदेलीत विचारायची. "काए जा रईं भाभी? इतै का कमी है?" का जाताय, इथे काय कमी आहे?

मी गठ्ठ्यातलं उत्तर सुरू करायची. ती हात वर करून थांबवायची. "जा तो कागद बोल रओ. तुम बोलो." हा तर कागद बोलतोय, तुम्ही बोला.

आठ दिवस तिने रोज तेच विचारलं आणि आठही दिवस मी चहा संपवून मशिनकडे वळले.

मुलाखत दिल्लीत झाली. समोरचा अधिकारी चष्मेवाला, शांत. पहिल्या दोन प्रश्नांना पाठ केलेली उत्तरं दिली. ऐकताना तो लिहीत नव्हता, ते मी पाहिलं. मग त्याने विचारलं, "पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकाचं कव्हर वाऱ्याने फाटलं, तर काय कराल?"

हा प्रश्न गठ्ठ्यात नव्हता. "जाऊन बघीन," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं. "कापड फाटलं असेल तर कापडवाल्याची चूक. शिवण उसवली असेल तर माझी. माझी असेल तर मी तिथेच बसून शिवून देईन." त्याने लिहायला घेतलं. मी बोलतच राहिले. दुहेरी शिवण कुठे घालतात, दोरी ओवायची भोकं कडेपासून किती आत मारतात, सगळं हातवारे करून. शेवटी त्याने विचारलं, "झाशीत काय कमी आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "तिथे माझं सगळं आहे. पण तिथे लोक माझ्या नवऱ्याला ओळखतात. जिथे त्याला कुणी ओळखत नाही तिथे माझं काम चालतं का, हे मला बघायचं आहे. मी बारावी शिकले आहे आणि कारखाना मीच चालवते."

बाहेर आल्यावर मी काय बोलले ते ऐकून सल्लागाराने कपाळावर हात मारला. अडीच महिन्यांनी मंजुरी आली. काका, हे असं मिळालं कॅनडा.

आता ज्या गावात राहतो तिथे नजर जाईल तिथवर गव्हाची शेतं. धान्याच्या ट्रकांना झाकण लागतंच. पहिला हिवाळा वाईट गेला; थंडीत प्लास्टिकचं कापड पापडासारखं मोडायचं, दोन ऑर्डरी परत आल्या, मी वर्कशॉपमध्ये एकटी रडले आणि दुसऱ्या प्रकारचं कापड मागवलं. आता तीन बायका हाताखाली आहेत. अविनाश हिशेब आणि फोन सांभाळतात.

बिजौलीची शेड विकली नाही, ती कुसुम जिज्जी चालवते. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, कापायचं टेबल खिडकीकडे सरकवलं. मी भडकले. मला न विचारता? ती शांतपणे म्हणाली, "उजियारो उतै जादा है, भाभी." उजेड तिकडेच जास्त, हे खरंच आहे. इतकी वर्षं मला ते सुचलं नव्हतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ राग गेला नाही. मग कळलं, परक्याच्या घरातलं टेबल कुणी हलवलं तर इतका राग येत नाही.

तेव्हा मी झाशी विकून गेले, असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. दिवाळीनंतर येते आहे. पाहुणी म्हणून सोफ्यावर बसवू नका, पेढे नकोत. खिडकीशी जागा ठेवा, कापायला मी बसणार आहे.